गॅलन कोणाचा आणि औंस कसला

घरातल्या आरओ फिल्टरचं पुढचं झाकण कधी उघडून बघितलंत तर आतल्या पांढऱ्या नळकांड्यावर ७५ जीपीडी, ८० जीपीडी असं काहीतरी छापलेलं दिसेल, आणि सर्व्हिसला येणारा मुलगा पण "काका, पंचाहत्तरचा मेम्ब्रेन टाकू का शंभरचा?" असंच विचारतो. पंचाहत्तर काय, ते तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. तर ते गॅलन पर डे. म्हणजे फोंडा असो, डिचोली असो, पणजी असो, जिथे दूध लिटरमध्ये, पेट्रोल लिटरमध्ये, पाण्याची टाकी लिटरमध्ये, तिथे स्वयंपाकघरात टांगलेल्या डब्यात अमेरिकन गॅलन बसलाय आणि आपल्याला पत्ताच नाही. ७५ ला ३.७८५ ने गुणलं की दिवसाला साधारण २८४ लिटर, त्याला २४ ने भागलं की तासाला जवळजवळ बारा लिटर. हा आकडा पण कंपनीच्या टेस्टमधला, ठराविक प्रेशर आणि ठराविक तापमान धरून काढलेला, त्यामुळे घरी पाणी त्याहून कमीच येतं, पण निदान ७५ म्हणजे ७५ लिटर नव्हे एवढं तरी कळलं.

गोव्यात ही अमेरिकन मापं भलत्याच वाटांनी घरात येतात. सासष्टीत, बार्देशात गावोगावी तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, त्यातले किती तरी क्रूझच्या किचनमध्ये किंवा बारमध्ये कामाला, आणि सुट्टीवर घरी आले की त्यांच्या वहीतल्या रेसिपी सगळ्या औंस आणि क्वार्टमध्ये. किनाऱ्यावरच्या बारमध्ये कॉकटेलचं प्रमाण औंसमध्ये. युट्यूबवर केक बघायचा तर "वन कप मिल्क". मुलगी न्यू जर्सीला असेल तर तिने पाठवलेल्या खोकल्याच्या औषधावर टीएसपी, म्हणजे टीस्पून. आपल्याला मात्र सगळीकडून लिटरच मिळाला, पोर्तुगालने मेट्रिक पद्धत १८५२ मध्ये कायद्याने स्वीकारलेली, भारताने १९५६ मध्ये, आणि १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर आपण एका मेट्रिक देशातून दुसऱ्या मेट्रिक देशात आलो, त्यामुळे गॅलन-पाइंट आपल्या अंगवळणी पडायचा प्रश्नच आला नाही.

आता मुद्द्याचं. लिटरचं गॅलन करायचं किंवा गॅलनचं लिटर करायचं हा एक साधा गुणाकार आहे, फोनवर दोन सेकंदांत होतो. लोक फसतात ते गुणाकाराच्या आधीच, कारण दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. पहिला, हा गॅलन (किंवा पाइंट, औंस, कप, जे काय असेल ते) कोणाचा, अमेरिकेचा का ब्रिटनचा? दुसरा, लिहिलंय ते आकारमान आहे का वजन? ही दोन उत्तरं मिळाली की पुढे काही राहत नाही, आणि नाही मिळाली तर दशांश चिन्हानंतर सहा घरं लिहिलीत तरी उत्तर चूकच.

पहिला प्रश्न का येतो त्याची गोष्ट मला फार आवडते. जुन्या इंग्लंडमध्ये गॅलन एक नव्हता, वाइनचा वेगळा, बिअरचा (तिथली एल) वेगळा, धान्याचा आणखी वेगळा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, राणी ॲनच्या काळात, वाइनचा गॅलन कायद्याने ठरवून टाकला: २३१ घन इंच. हा आकडा विचित्र वाटतो पण त्यामागे एक भांडं आहे, सात इंच व्यासाचं आणि सहा इंच खोल गोल भांडं. पाय (π) म्हणजे बावीस सप्तमांश धरा, त्रिज्या साडेतीन, साडेतीनचा वर्ग सव्वाबारा, गुणिले सहा, गुणिले बावीस भागिले सात, बरोब्बर २३१ येतं, शाळेतलं गणित, करून बघा. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली पण हा वाइनचा गॅलन तिने ठेवला. आणि इंग्लंडने काय केलं, तर १८२४ मध्ये जुने सगळे गॅलन मोडीत काढून नवा इम्पिरियल गॅलन आणला, ६२ अंश फॅरनहाइटला दहा पौंड पाणी जेवढी जागा घेईल तेवढा. तो निघाला सुमारे २७७ घन इंच. म्हणजे अमेरिकेकडे राहिलं ते इंग्लंडचंच जुनं माप, आणि इंग्लंडनेच नंतर आपलं माप बदललं, त्यामुळे "अमेरिकेने सगळं उलटंपालटं केलं" असं म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

लिटरमध्ये सांगायचं तर अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटर. वीस टक्क्यांचा फरक. पाच गॅलनचा कॅन म्हणजे एकाकडे १८.९ लिटर आणि दुसऱ्याकडे २२.७ लिटर, जवळजवळ चार लिटर इकडचे तिकडे. कन्व्हर्टरमध्ये दोन्ही गॅलन एकाखाली एक असतात, घाईत बोट दुसऱ्यावर पडलं की झालं.

आणि गंमत अशी की अमेरिकन गॅलनची आजची व्याख्या मेट्रिकवरच उभी आहे. १८९३ पासून अमेरिकेने आपला यार्ड आणि पौंड मीटर-किलोग्रॅमवरून ठरवायला सुरुवात केली, आणि १९५९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी मिळून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असं ठरवलं. मग एक घन इंच म्हणजे २.५४ चा घन, १६.३८७०६४ मिली, त्याला २३१ ने गुणलं की ३७८५.४११७८४ मिली. हा आकडा अंदाजाचा नाही, नेमका आहे, इथेच संपतो. "आम्ही मेट्रिक वापरत नाही" म्हणणाऱ्या देशाचा गॅलन सेंटीमीटरने मोजलेला आहे.

गॅलनच्या खालची उतरंड आपल्या आजी-आजोबांना अजिबात परकी वाटली नसती. आपल्याकडचं जुनं कोष्टक आठवा, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. अमेरिकन मापं तशीच अर्धी-अर्धी करत खाली येतात: गॅलनचे चार क्वार्ट, क्वार्टचे दोन पाइंट, पाइंटचे दोन कप, कपचे आठ फ्लुइड औंस. औंसाचे दोन टेबलस्पून, आणि मग एकाएकी टेबलस्पूनचे तीन टीस्पून, इथे अर्ध्याचा नियम मोडतो. दशमान नसलेली पद्धत म्हणजे अडाणीपणा असं आपल्याला शाळेत उगाच शिकवलं, तराजू किंवा खुणांचं भांडं नसेल तर एखादी गोष्ट दोन सारख्या भागांत वाटणं हे दहा भागांत वाटण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं, बाजारात बसलेल्या बाईला विचारा. दशमानाचा फायदा आहे तो कागदावरच्या हिशोबात.

मिलीमध्ये उतरंड अशी: क्वार्ट ९४६, पाइंट ४७३, कप २३६.६, फ्लुइड औंस २९.५७, टेबलस्पून १४.८, टीस्पून ४.९. क्वार्ट लिटरच्या जवळ, पाच टक्के कमी. क्वार्ट लिटर समजून चाललात तर पेल्यात फरक कळणार नाही, पण पन्नास क्वार्टचा आइसबॉक्स घेताना अडीच-पावणेतीन लिटर कमी भरतील.

आता ब्रिटिश उतरंडीत एक खोच आहे जी बहुतेक लेखांत सुटते. अमेरिकन पाइंटात १६ औंस, ब्रिटिश पाइंटात २०. म्हणजे अमेरिकन गॅलनचे १२८ औंस आणि ब्रिटिश गॅलनचे १६०. दहा पौंड पाणी, पौंडाला १६ वजनी औंस, म्हणून १६०, तिथला औंस पाण्याच्या वजनावरून सरळ आलाय. पण भाग जास्त केल्यामुळे ब्रिटिश औंस लहान झाला, २८.४ मिली, आणि अमेरिकन औंस २९.६. गॅलन ब्रिटनचा मोठा, पाइंट ब्रिटनचा मोठा (५६८ मिली, अमेरिकन ४७३), पण औंस अमेरिकेचा मोठा. त्यामुळे "ब्रिटिश माप म्हणजे वीस टक्के जास्त" असा नियम पाठ करून औंसाला लावलात तर उत्तर भलत्याच दिशेला जाईल.

आणि पाइंटवर आलोच आहोत तर, बारमध्ये बसून "एक पाइंट दे" म्हटलं की आपल्याकडे काय येतं? ३३० मिलीची छोटी बाटली. ती अमेरिकन पाइंटही नाही आणि ब्रिटिशही नाही, दोन्हींपेक्षा बरीच लहान. हा तिसराच पाइंट, भारतीय. मँचेस्टरहून आलेला पाहुणा टेबलावर बाटली आली की ती उलटीसुलटी करून बघतो ते याच्यासाठी, त्याच्या हिशोबात २३८ मिली कुठेतरी गायब आहेत.

बारवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवली तर बाकी काही पाठ करायची गरज नाही: अमेरिकन औंस म्हणजे आपला स्मॉल पेग. ३० मिली आणि २९.५७, अर्ध्या मिलीचाही फरक नाही, पेग मेजरच्या काठावर थेंब राहतो तेवढा. म्हणजे कॉकटेलमध्ये दोन औंस रम लिहिलं असेल तर एक लार्ज, पाऊण औंस लिंबाचा रस म्हणजे २२ मिली, अर्धा औंस साखरेचा पाक म्हणजे १५, एक टेबलस्पून. अमेरिकन शॉट साधारण दीड औंस धरतात, म्हणजे ४४ मिली, आपल्या स्मॉल आणि लार्जच्या बरोब्बर मध्ये पडतो, म्हणून तिकडचे लोक इथे स्मॉल बघून "एवढंच?" म्हणतात आणि लार्ज घेतला की लवकर डुलायला लागतात. एप्रिलात उराक, काजूची हलकी दारू, आली की लोक ती मापाने पीत नाहीत ते सोडा, पण तुम्हाला अमेरिकन मित्राला फेणीच्या कॉकटेलचं प्रमाण लिहून पाठवायचं असेल तर ६० मिली फेणी म्हणजे दोन औंस एवढं लिहा आणि गप्प बसा, २.०२८८ लिहू नका. निप ९० मिली म्हणजे तीन औंस, क्वार्टर १८० म्हणजे सहा (आणि आपला क्वार्टर ७५० चा खरा पाव नाही, तो १८७.५ झाला असता, पण हे काउंटरवर सांगायला जाऊ नका). ७५० ची बाटली २५.४ औंस. या ७५० ची पण एक बारीक कथा आहे, अमेरिकेत पूर्वी दारूची बाटली गॅलनच्या पाचव्या भागाची असायची, ७५७ मिली, तिला फिफ्थच म्हणायचे, मग १९८० च्या आसपास तिथे वाइन आणि दारू दोन्ही मेट्रिक बाटल्यांत भरायला लावलं आणि ७५७ ची ७५० झाली. मापांबद्दल एवढा हट्टी देश, आणि दारू मात्र मिलीलिटरमध्ये विकतो.

अमेरिकन कॅन किंवा बाटली हातात असेल तर कन्व्हर्ट करत बसूच नका, नीट फिरवून बघा, औंसाच्या शेजारी मिली बहुतेक छापलेलं असतं, तिथल्या कायद्याने बऱ्याच वस्तूंवर दोन्ही लिहावं लागतं. १२ औंसाच्या कॅनवर ३५५ मिली. पाण्याच्या बाटलीवर १६.९ औंस असा कसातरीच आकडा दिसतो, तो का, तर ती मुळातच ५०० मिलीची बाटली आहे, औंस मागून चिकटवलाय. आकडा विचित्र दिसला की समजायचं, खरं माप दुसऱ्या बाजूला आहे.

आता दुसरा प्रश्न, आकारमान का वजन. औंस दोन आहेत, एक फ्लुइड औंस (जागा, २९.५७ मिली) आणि एक साधा औंस (वजन, २८.३५ ग्रॅम). पाण्याच्या बाबतीत दोघे इतके जवळ की माणूस गाफील राहतो, एक अमेरिकन फ्लुइड औंस पाणी साधारण साडेएकोणतीस ग्रॅम भरतं, कोण विचारतो. घट्ट पदार्थ आला की गाडी घसरते. अमेरिकन रेसिपीतला कंडेन्स्ड मिल्कचा डबा "१४ औंस" असतो. एखाद्याने सरळ १४ गुणिले २९.५७ केलं तर ४१४ मिली येतात, आणि मग तो मापाच्या भांड्यात ४१४ मिलीच्या खुणेपर्यंत कंडेन्स्ड मिल्क ओततो. पण डब्यावर नेट वेट लिहिलेलं आहे, ते वजन आहे, ३९७ ग्रॅम, आणि कंडेन्स्ड मिल्क पाण्यापेक्षा पावपटीहून जास्त जड असल्यामुळे तेवढ्या वजनाची जागा जेमतेम तीनशे मिली. शंभर मिलीहून जास्त गोड पाक जादा पडला, मग पुडिंग सेट होत नाही आणि दोष जातो ओव्हनला. उलट नारळाच्या दुधाच्या कॅनवर १३.५ फ्लुइड औंस असतं, ते मात्र जागेचं माप, बरोबर ४०० मिली. एकाच रेसिपीत, एकाखाली एक लिहिलेले दोन औंस, एक वजनी आणि एक मापी. "फ्ल" किंवा "फ्लुइड" शब्द आहे का बघायचं, नसेल आणि पदार्थ घट्ट असेल तर बहुतेक वेळा वजनच समजायचं.

मधाचं, काकवीचं, माडाच्या गुळाच्या पातळ पाकाचं पण हेच. तेलाचं उलट, ते पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर खोबरेल सव्वानऊशे ग्रॅमच्या आत-बाहेर भरतं. म्हणून तेलाच्या पिशवीवर लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात, तेही वाचत जा.

कपाचं प्रकरण स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त छळतं. शेजारच्या काकींनी नाताळच्या आधी मला हाक मारून युट्यूबवरच्या केकवाल्या बाईबद्दल विचारलं, "अरे, ह्यात एक कप म्हणते ती म्हणजे आपला चहाचा कप रे?" म्हटलं, "नाही काकी, तिचा कप मोठा, २३७ मिलीचा, तुमच्या ह्या कपात दीडशे पण मावणार नाही." तर काकी म्हणाल्या, "मग सगळंच माझ्या कपाने घातलं तर? सगळंच कमी होईल ना सारखं?" आणि हा प्रश्न अगदी बरोबर आहे. सगळे जिन्नस कपानेच मोजायचे असतील तर कप कुठलाही घ्या, वाटी घ्या, प्रमाण तेच राहतं, केक फक्त लहान होतो. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा रेसिपीत कपाशिवाय काहीतरी मोजून लिहिलेलं असतं. दोन कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, आणि तीन अंडी. अंडं काही चहाच्या कपाप्रमाणे लहान होत नाही. दीडशे मिलीच्या कपाने केलंत तर बाकी सगळं साधारण त्रेसष्ट टक्के आणि अंडी शंभर टक्के, मग केक रबरासारखा होतो आणि अंड्याचा वास मारतो. टिन कितीचा, यीस्टची पुडी केवढी, ओव्हनमध्ये किती मिनिटं, ही सगळी मोजून लिहिलेली मापं आहेत, ती कपाच्या मागे जात नाहीत. काकींना मी एवढंच सांगितलं की अंडी तीनाऐवजी दोन घाला आणि टिन लहान घ्या, त्यांनी ऐकलं नाही, तिन्ही घातली.

बाजारात मेजरिंग कपांचे सेट मिळतात त्यात कुठल्यावर २४० मिली तर कुठल्यावर २५० मिली लिहिलेलं असतं. दोन्ही चालतात. २५० हा मेट्रिक कप, ऑस्ट्रेलियात वगैरे वापरतात. २४० हा अमेरिकेतल्या पाकिटांवरच्या पोषणाच्या तक्त्यासाठी गोल केलेला कप, तिथे औंस पण ३० आणि टीस्पून ५ असे गोल धरतात. केकला एवढा फरक चालतो, आणि मैद्याच्या बाबतीत तर कप दाबून भरला का हलक्या हाताने भरला यानेच त्याहून जास्त फरक पडतो. म्हणून मैदा, साखर, कोको असले कोरडे पदार्थ कपाने मोजायचे मी सोडून दिले, डिजिटल काटा घ्या. ऑस्ट्रेलियन रेसिपी असेल तर मात्र एक सांभाळा, त्यांचा टेबलस्पून १५ चा नाही, २० मिलीचा. मीठ घालताना कळेल.

पण हे सगळं "चालतं, चालतं" औषधाच्या बाटलीशी येऊन थांबतं. अमेरिकेतून आलेल्या जुन्या औषधांवर टीएसपी आणि टीबीएसपी अशी अक्षरं असतात, मधल्या एका अक्षराचा फरक, आणि एक टेबलस्पून म्हणजे तीन टीस्पून. चुकून एक वाचायच्या जागी दुसरं वाचलं तर लहान मुलाला तिप्पट डोस. शिवाय घरातला चमचा हे माप नाहीच, एक उथळ, एक खोल, आजीचा चांदीचा चमचा आणखी वेगळा. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये स्पष्टच सांगितलं की मुलांची पातळ औषधं फक्त मिलीलिटरमध्ये लिहावीत आणि द्यावीत, चमचा नको. टीस्पून दिसलं तर ५ मिली, टेबलस्पून दिसलं तर १५ मिली, बाटलीबरोबर आलेल्या टोपीने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने मोजायचं, आणि जरा जरी शंका आली तर फार्मसीवाल्याला दाखवायचं, नेटवर शोधत बसायचं नाही.

आकारमान आणि वजन यांची गल्लत किती महाग पडू शकते त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅनडाचं आहे. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं नवंकोरं बोईंग ७६७, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. कॅनडात तेव्हा मेट्रिककडे जाणं चालू होतं आणि हे विमान किलोग्रॅमवालं, त्याच्या आधीची विमानं पौंडवाली. इंधनाचा काटा बंद होता म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं, ७,६८२ लिटर निघालं. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. आता लिटरचं वजन करायला घनता पाहिजे, आणि हाताशी जो आकडा होता तो १.७७. तो बरोबरच होता, पण पौंड प्रति लिटर. किलो प्रति लिटरचा आकडा ०.८ च्या आसपास. त्यांनी ७,६८२ गुणिले १.७७ करून १३,५९७ किलो आहे असं धरलं, खरं होतं सहा हजारांच्या थोडं वर. मग उरलेलं ८,७०३ पुन्हा १.७७ ने भागून ४,९०० च्या वर लिटर भरलं, भरायला हवं होतं वीस हजार. विमान ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे सुरू झाले आणि मग इंजिनं एकामागून एक बंद पडली. कॅप्टन पिअर्सन हौशी ग्लायडर उडवणारे होते म्हणून ते एवढं मोठं विमान इंजिनाशिवाय तरंगत गिमली नावाच्या गावातल्या जुन्या हवाईदलाच्या धावपट्टीवर उतरवू शकले, विमानातले सगळे ६९ जण वाचले. यात गुणाकार एकही चुकलेला नाही, पुन्हा करून बघा, सगळे बरोबर आहेत. १.७७ च्या पुढे काय लिहायचं तेवढंच राहिलं होतं. म्हणून आकड्याबरोबर एकक पण शेवटपर्यंत लिहीत न्यायचं, लिटर गुणिले किलो प्रति लिटर, लिटर लिटर कटलं, उरलं किलो. पौंड उरले असते तर तिथेच दिसलं असतं.

तोंडी हिशोबाची माझी रीत सांगतो. गॅलनचं लिटर करायचं तर चारने गुणा आणि पाच टक्के कमी करा, दहा गॅलन म्हणजे ४० उणे २, ३८ लिटर, खरं ३७.८५. लिटरचं गॅलन करायचं तर चारने भागा आणि पाच-सहा टक्के वाढवा, आपला २० लिटरचा पाण्याचा जार म्हणजे पाच आणि वर थोडं, ५.२८ गॅलन. गच्चीवरची हजार लिटरची टाकी २६४ गॅलन. औंसाचं मिली, तीसने गुणा, झालं. दीड टक्का जास्त येतो, येऊ दे.

किती अचूक पाहिजे हे पण आधी ठरवावं. पातळ पदार्थ तापला की फुगतो, पेट्रोल दर अंशाला साधारण हजारातला एक भाग. म्हणजे पहाटे वीस अंशाला आणि दुपारी तीस अंशाला मोजलेल्या त्याच पेट्रोलच्या आकारमानात एक टक्का फरक, मग ३.७८५४११७८४ मधले शेवटचे सहा आकडे कोणासाठी लिहायचे? लिटर तरी कुठे एवढा सरळ होता, १९०१ ते १९६४ लिटर म्हणजे एक किलो पाण्याची जागा अशी व्याख्या होती आणि तो लिटर हजार घनसेंटीमीटरपेक्षा ०.०२८ ने मोठा भरायचा, १९६४ ला तो परत बरोबर हजारावर आणला.

शेवटी गाडीवाल्यांसाठी, कारण जुन्या बुलेटचं ब्रिटिश मॅन्युअल आणि अमेरिकन व्हिडिओ एकत्र बघणारे बरेच आहेत. ॲव्हरेज माइल पर गॅलनमध्ये असेल तर अमेरिकन असल्यास ०.४२५ ने गुणा, ब्रिटिश असल्यास ०.३५४ ने, उत्तर किलोमीटर पर लिटर. ३० माइल पर गॅलन अमेरिकन म्हणजे १२.७५, आणि तेच ३० ब्रिटिश म्हणजे १०.६. इथे मोठ्या गॅलनने ॲव्हरेज कमी होतं, जास्त नाही, कारण गॅलन भागाकारात खाली बसलाय. भावाचं पण तसंच, अमेरिकेत पेट्रोल साडेतीन डॉलर गॅलन असेल तर ३.७८५ ने गुणायचं नाही, भागायचं, साधारण ९२ सेंट लिटर. आणि बातम्यांत कच्च्या तेलाचा जो बॅरल असतो तो ४२ अमेरिकन गॅलनचा, १५९ लिटरचा. ८० डॉलरचा बॅरल म्हणजे लिटरला पन्नास सेंट, त्याचे रुपये करा आणि मग पंपावरच्या बोर्डाकडे बघा, बाकीचं वाहतूक, रिफायनरी, डीलर आणि टॅक्स.